वहीत ‘सांबार’ लिहिलं तरी चालेल: नागपुरात वाइन चाखायला शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तेवीस वर्षांचा, नागपुरातल्या एका हॉटेलात नोकरी करणारा, आणि डब्ल्यूएसईटी या ब्रिटिश संस्थेच्या वाइन-परीक्षेच्या तिसऱ्या लेव्हलची तयारी करणारा. वर्ग मुंबईला होतात, सराव मात्र इथे एकट्यानेच. वर्गात बाकीची मुलं ‘ब्लॅककरंट’, ‘गूझबेरी’, ‘सीडर’ असं भराभर बोलतात आणि याला ग्लासात नाक घातलं की नुसता वाइनचा वास येतो. असं नाक जन्मजातच असावं लागतं का, आणि हॉटेलच्या पगारात, इथल्या उन्हाळ्यात सराव करायचा तरी कसा, असं त्याने विचारलं आहे.

जन्मजात काही लागत नाही. घरात फोडणी करपायला लागली की पलीकडच्या खोलीत बसून तुम्हाला कळतं. मोहरी करपली की लसूण, हेही कळतं. एवढं कळणारं नाक तिसऱ्या लेव्हलला पुरून उरतं. फोडणीचा वास तुम्ही लहानपणापासून नावासकट घेत आला आहात, ब्लॅककरंटचा एकदाही घेतलेला नाही. जे फळ कधी हातात धरलं नाही ते ग्लासात कसं सापडेल? गूझबेरीचा घोळ तर त्याहून मोठा. आपल्याकडे आवळ्यालाही गूझबेरी म्हणतात आणि हिवाळ्यात हातगाडीवर येणाऱ्या रसभरीलाही. सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या वर्णनात जी गूझबेरी येते ती या दोन्हींपेक्षा वेगळी, युरोपातल्या थंड हवेतली. मी गेली सोळा वर्षं वाइन चाखायला शिकवते आहे, आणि त्या वाइनमध्ये आवळा शोधत हिरमुसलेली मुलं मला दर वर्षी भेटतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की महिनाभर वासाच्या मागे लागूच नका. आधी तोंडात काय होतं ते मोजायला शिका. आंबटपणा, गोडी, तुरटपणा, अल्कोहोल आणि वाइनचं अंग (तोंडात जाणवणारा तिचा दाटपणा), या पाच गोष्टींसाठी कुठलंही परदेशी फळ खाल्लेलं असावं लागत नाही. परीक्षेत ज्या ठरीव तक्त्यानुसार टिपण लिहायचं असतं त्यात त्यांना गुण आहेत आणि निष्कर्षही बराचसा त्यांच्यावर उभा राहतो.

आंबटपणापासून सुरू करा. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा आणि घरच्या छोट्या वजनकाट्यावर मोजून एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम, दुसऱ्या लिटरात ६ ग्रॅम असं विरघळवा. दोन्ही घोटभर तोंडात फिरवून थुंकून टाका. आता ६ ग्रॅमवाल्या पाण्यातलं एक ग्लासभर, म्हणजे २०० मिली, वेगळं काढा आणि त्यात १० ग्रॅम साखर घाला. हे चाखलं की जीभ लगेच सांगेल, हे कमी आंबट आहे. आंबट तर तेवढंच आहे, तुम्ही स्वतः मोजून घातलंय. म्हणून घोट थुंकल्यावर तोंड किंचित उघडं ठेवा, मान खाली घाला आणि गालांच्या आतून लाळ किती वेळ सुटते ते पाहा. साखर चवीला झाकते, लाळ सुटणं थांबवत नाही. मान खाली घालून लाळ मोजणं दिसायला विचित्र वाटतं, पण गोडसर वाइनचा आंबटपणा ओळखायचा इतका भरवशाचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. एकदा चिंचेच्या गाळलेल्या पातळ कोळावरही हेच करून बघा. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि द्राक्षातलंही मुख्य तेच. मुलांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो, कारण चिंचेच्या कोळाला त्यांचं तोंड आधीपासून सरावलेलं असतं.

तुरटपणासाठी काळा चहा. एक चमचा पत्ती एका कपात दोन मिनिटं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात पंधरा. दूध-साखर नको, पूर्ण थंड होऊ द्या. तुरटपणा ही खरं तर चव नव्हेच, तो स्पर्श आहे: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडाचा बुळबुळीतपणा निघून जातो. तो जिभेवर शोधू नका. वरच्या पुढच्या दातांच्या हिरडीवरून ओठ फिरवून बघा, किती अडतोय. पंधरा मिनिटांच्या चहात कडूपणाही येईल. कडू आणि तुरट वेगळे करता येणं हाच या सरावाचा अर्धा हेतू. जून महिन्यात जांभळं आली की रोज पाच-सहा खा आणि तोंड कसं होतं ते लिहून ठेवा.

अल्कोहोलचं मोजमाप हॉटेलात काम करणाऱ्याला सहज जमेल. आपल्याकडच्या व्होडकाच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १०० मिलीत साधारण २०५ मिली पाणी घातलं की १४ टक्के होतं आणि साधारण २९० मिली घातलं की ११ टक्के. तिसऱ्या लेव्हलच्या तक्त्यात ११च्या खाली कमी, १४ आणि त्यावर जास्त, मधलं सगळं मध्यम. म्हणजे तुमच्यासमोरच्या दोन ग्लासांत त्या दोन सीमारेषा तयार झाल्या. थुंकल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडा आणि घशात किती ऊब उरते ते पाहा. अंगाचं, म्हणजे बॉडीचं, फार मनावर घेऊ नका. पाणी आणि साईचं दूध तोंडात कसं वेगळं लागतं ते एकदा आठवलं की काम होतं.

हे सगळं तीन-चार रविवार पुन्हा पुन्हा करा, पण शेवटच्या रविवारी कुणाला तरी ग्लासांची अदलाबदल करायला सांगा. सोबत तीन ग्लासांची कसोटीही घ्या: दोन ग्लासांत तेच, तिसऱ्यात वेगळं, आणि वेगळा कोणता ते शोधायचं. वाइन चाखताना आपण स्वतःला फार लवकर पटवून घेतो, म्हणून ही खबरदारी. बोर्दोमध्ये ५४ वाइन-विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला गेला, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी प्रत्येक तुकडीला सांगते. ते विद्यार्थी कच्चे नव्हते. डोळ्याने आधी निकाल दिला आणि नाक त्याच्यामागून गेलं. घरी स्टीलच्या पेल्यात, डोळे मिटून, पांढरी की लाल एवढंच ओळखायचा प्रयत्न करा. दोन्ही एकाच तापमानाची ठेवलीत तर वाटतं तेवढं ते सोपं जात नाही.

आता वास. १९८४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांनी वाइनच्या वासांचं चक्र मांडलं. ‘भारदस्त’, ‘नाजूक’ असले शब्द टाकून देऊन ज्याची वस्तू समोर आणून दाखवता येईल असंच नाव घ्यायचं, हा त्यामागचा विचार. त्यांची पद्धत आपल्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी चालते. एखादी साधी, फारसा वास नसलेली पांढरी वाइन घ्या, चहाच्या छोट्या ग्लासांत प्रत्येकी ३०-४० मिली ओता. एकात ढोबळी मिरचीचा बोटभर तुकडा, एकात दोन लवंगा, एकात किंचित कुटलेले धणे, एकात पेरूची फोड, एकात संत्र्याची साल. बशी झाकून अर्धा तास ठेवा, मग वस्तू काढून टाका आणि वास घ्या. लाल वाइनमध्ये काळी मिरी, मनुका, सुकं अंजीर, जांभळाचा गर. मसाले मस्कासाथ-इतवारीच्या घाऊक दुकानांतून आणा, तिथे माल पटापट खपतो म्हणून ताजा असतो. जुन्या डब्यातल्या लवंगेने चुकीची आठवण तयार होते.

यातल्या बऱ्याच जोड्या नुसत्या उपमा नाहीत. ढोबळी मिरचीचा हिरवा वास ज्या पायराझिन गटातल्या द्रव्यांमुळे येतो, ती लाल कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि सॉव्हिन्यों ब्लाँमध्येही असतात. धण्यांतलं मुख्य सुगंधी द्रव्य लिनलूल मस्कॅट द्राक्षातही असतं. लवंगेचं युजेनॉल ओकच्या पिंपातून वाइनमध्ये उतरतं. सीडर कुठे मिळणार म्हणून अडलात तर नवी पेन्सिल तासून तिचा भुसा हुंगा, काही चांगल्या पेन्सिली सीडर म्हणवल्या जाणाऱ्या लाकडाच्याच असतात. काळ्या मिरीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शिराझ या लाल वाइनमधल्या मिरीच्या वासामागचं द्रव्य, रोटंडोन, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शोधलं, आणि साधारण पाचांतल्या एकाला ते भरपूर असूनही जाणवत नाही. शेजारचा ‘पेपर, पेपर’ म्हणतोय आणि तुम्हाला काहीच येत नाही, तर तुम्ही त्या पाचांतले एक असाल. बाकीचे वास शोधा, पुढे चला.

वहीला दोन रकाने पाडा. डावीकडे तुमचा स्वतःचा शब्द, मनात आला तसा, आणि उजवीकडे परीक्षेचा इंग्रजी शब्द. क्रम कधीही उलटा करू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे भंडाऱ्याची एक मुलगी येत होती. नाशिकच्या सॉव्हिन्यों ब्लाँवर ती दहा मिनिटं गप्प बसून होती, वहीत काहीच नाही. मी म्हटलं, घरी काय आठवतंय ते सांग, वाइन विसर. ती म्हणाली, ‘‘मॅडम, आई सांबार निवडते ना, तेव्हा त्या काड्यांचा वास येतो हाताला. आणि कच्चा पेरू.’’ मी तिला तेच लिहायला लावलं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या म्हणजे उजव्या रकान्यात ‘हर्बेशस’ गट, गवत आणि हिरव्या पानांचा. कच्चा पेरू तर आणखी नेमका, कारण पेरूतली काही गंधद्रव्यं या द्राक्षाच्या वाइनमध्येही सापडतात. तिचं नाक पहिल्यापासून बरोबर होतं. कोथिंबिरीला आपण घरी सांबार म्हणतो आणि वर्गात तो शब्द चालणार नाही, या धास्तीने ती गप्प होती. परीक्षेत तक्त्यातले शब्दच सुरक्षित, यात शंका नाही, पण डावा रकाना नसेल तर उजवा नुसतं पाठांतर होतो. नाशिकच्या शिराझसाठी माझ्या स्वतःच्या वहीत आजही पहिला शब्द जांभूळ असतो, मग काळं प्लम, ब्लॅकबेरी.

हुंगताना लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे, मग थांबा. नाक एकाच वासाला काही सेकंदांत सरावतं. कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘साफ’ करायची गरज नाही, साध्या हवेने तेवढंच काम होतं. स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगली तरी पुरे.

नागपूरच्या हवेबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पुस्तकं लंडनच्या हवेत लिहिलेली असतात. लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी असं वाचून तुम्ही मे महिन्यात ती टेबलावर ठेवलीत तर ग्लासात ३३-३४ अंशांचं काहीतरी येईल. त्यात अल्कोहोल नाकाला झोंबतं, फळ दिसत नाही आणि अंगही ढिलं वाटतं. भरदार लाल वाइन १५ ते १८ अंशांना चाखायची. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात लाल बाटलीही चाखण्याआधी तेवढी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये जाते. पांढरीचं उलट होतं. फ्रिजमधून थेट काढली की ती इतकी गार असते की वास मुका होतो, म्हणून हलक्या पांढरीला पाच-दहा मिनिटं देऊन ७ ते १० अंशांवर आणा. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घ्या. एकदा मुद्दाम एकच शिराझ एका ग्लासात १७ अंशांना आणि दुसऱ्यात ३० अंशांना शेजारी शेजारी ठेवून चाखा. दोन वेगळ्या वाइन आहेत असं वाटेल, आणि पुन्हा कधी तापमान न बघता मत द्यायला हात उचलणार नाही.

दुसरी गोष्ट कूलर. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये घरच्या सरावाला मी एक पांढरी शेनिन ब्लाँ कॉर्कच्या दोषाची म्हणून बाजूला ठेवली. कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, अगदी पुस्तकातल्यासारखा. पुढची बाटली स्क्रू कॅपची होती आणि तिलाही तोच वास आला, तेव्हा मी थांबले. दोन्ही ग्लास घेऊन गच्चीवर गेले तर दोन्ही स्वच्छ. खोलीतल्या कूलरच्या ताट्या मागच्या वर्षीच्या होत्या. तेव्हापासून माझ्याकडे चाखताना कूलर बंद असतो. नव्या वाळ्याच्या ताट्या असतील तरी बंदच, त्यांचा सुवास तर कुबट वासाहून जास्त फसवतो. उन्हाळ्यात सकाळी सातला बसा. तोंड ताजं असतं आणि खोली अजून तापलेली नसते.

तिसरी गोष्ट बाटलीने आधीच सोसलेली उष्णता. एका दुकानातून मेमध्ये आणलेल्या कॅबर्नेचा कॉर्क बाटलीच्या तोंडाच्या किंचित वर आलेला होता आणि वरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ होता. आत ताज्या फळाच्या जागी उकडलेल्या मनुकांचा वास. ती बाटली मी फेकली नाही. उष्णतेने बिघडलेली वाइन कशी असते हे तीन तुकड्यांना तिच्यावरूनच दाखवलं. तुम्हाला अशी मिळाली तर तुम्हीही चांगल्या बाटलीशेजारी ठेवून चाखा. एरवी मार्च ते जून बाटल्या घेताना दुकान थंड आहे का, बाटल्या उन्हाच्या काचेशेजारी आहेत का, हे बघूनच घ्या.

चाखायच्या आधी तासभर टूथपेस्ट, वेलचीचा चहा, बडीशेप काही नको. आदल्या रात्री सावजी जेवला असाल तर सकाळी जीभ अजून पेटलेली असू शकते, तो दिवस वासाच्या सरावाला ठेवा. आणि खर्रा. नोकरीत आजूबाजूला सगळे खातात हे मला माहीत आहे. तंबाखू, चुना आणि सुपारी तोंडाची तुरटपणा मोजायची ताकदच घेऊन जातात, आणि वाइनपुरतं बोलायचं नसेल तरी मी तुम्हाला तो सोडायलाच सांगेन.

पैशाचं गणित सोपं आहे. एका ७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे पंधरा नमुने निघतात. सहा जण जमवा, सहा बाटल्या, प्रत्येकाने एक आणायची. प्रत्येक बाटलीतून सहा नमुने काढले तरी निम्म्याहून जास्त वाइन उरते. ती लगेच छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा, नाव न बघता, चाखा. ग्लास सगळ्यांचे एकसारखे हवेत, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते. महाग नकोत. आणि थुंकायला शिका, बाथरूममध्ये पाण्याने सराव करा. सहा वाइन गिळणाऱ्याची सहावी टिपण वाचण्यासारखी नसते. थुंकूनही थोडं अल्कोहोल पोटात जातंच, म्हणून नंतर गाडी चालवू नका. दारूच्या परमिटचे आणि वयाचे नियम बघून घ्या, आणि वर्ध्याकडचं कुणी गटात असेल तर उरलेली बाटली त्याच्याबरोबर देऊ नका, तो जिल्हा दारूबंदीचा आहे.

परीक्षेत दोन वाइन, एक पांढरी आणि एक लाल, आणि अर्धा तास. द्राक्ष किंवा देश ओळखायचा नसतो. तरीही मुलं पहिली पाच मिनिटं ‘ही शिराझ असेल का’ यात घालवतात, आणि एकदा शिराझ ठरवली की उरलेली टिपण शिराझला शोभेल अशी लिहितात. हे कटाक्षाने टाळा. रंगरूपाला दोन मिनिटं पुरे. निष्कर्षात मात्र वेळ घ्या. ‘गुड’ की ‘व्हेरी गुड’ हे आवडीवरून ठरत नाही. समतोल आहे का, चव थुंकल्यावर किती रेंगाळते, वास-चवीची तीव्रता किती आणि गुंतागुंत किती, हे चार प्रश्न एकेक करून विचारा आणि प्रत्येकाचा पुरावा वर लिहिलेल्या ओळींतून काढा. वर आंबटपणा जास्त, फळ फिकं, शेवट छोटा असं लिहून खाली ‘व्हेरी गुड’ लिहिलं, तर परीक्षकाला दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

आणि जमलं तर फेब्रुवारीत रात्रीच्या गाडीने एकदा नाशिकला जा. तिथली वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते, आणि आधी फोन करून विचारलं तर बरेच मळेवाले वेलीजवळ जाऊ देतात. शिराझचा एक मणी तोडा. खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा, आत बिया. आधी सालीतून गर पिळून वेगळा करा आणि बघा, तो जवळजवळ बिनरंगी असतो. मग नुसती साल मागच्या दातांनी नीट चावा, बोटाला लागलेला रंग आणि हिरडीला लागलेला तुरटपणा दोन्ही तिच्यातले आहेत. शेवटी बी फोडा. हिरवट असेल तर कडू आणि बोचरी लागेल, तपकिरी झाली असेल तर सुक्या मेव्यासारखी. वही बरोबर न्या आणि तिथेच, वेलीजवळ उभं राहून, डाव्या रकान्यात लिहा.